आईच्या चाकामागे

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. रविवार होता, आणि मी आणि माझी लेक नवी मुंबईच्या पाम बीच रोडवरून सायकलनं परत येत होतो. सकाळी सहाला ठाण्यातल्या चरईतून निघालो होतो, कळवा पूल, विटाव्याचा रेल्वे पूल, मग ठाणे-बेलापूर रोड धरून ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी आणि पुढे पाम बीच संपेपर्यंत. बेलापूरला नाश्त्याला ग्रुपमधले बाकीचे भेटले, गप्पा लांबल्या आणि निघेपर्यंत नऊ वाजून गेले. उन्हाळ्यात त्या रस्त्यावर उशीर झाला की वारा सुटतो, आणि किल्ला जंक्शनकडून वाशीकडे तोंड केलं की तो सरळ छातीवर येतो, मोकळा रस्ता, एका बाजूला खारफुटी, आडोसा कुठेच नाही. मी पुढे लागले आणि लेक माझ्या मागच्या चाकाला चिकटली. जवळजवळ दहा किलोमीटर मी तो वारा अंगावर घेतला, मान खाली, हात हँडलच्या खाली वळलेल्या ड्रॉप्सवर, सीवूड्स गेलं, नेरूळ गेलं, मांड्या पेटल्या होत्या नुसत्या. आमची शेवटची खूण म्हणजे एक निळा बोर्ड आहे, तिथे कोण आधी पोचतं याची आमची नेहमीची शर्यत असते. बोर्ड तीनेकशे मीटरवर असताना ती उजवीकडून बाहेर पडली, सीटवरून उठली आणि गेली.

पहिल्यांदाच हरवलं तिनं मला. वय वर्षं १९. मी ४६ची.

बोर्डाखाली ती थांबली होती, चेहरा लालबुंद, हसत होती, धाप लागलेली, आणि हात वर केला. "आई, टाळी दे!" आणि मी टाळी दिली नाही. मी बाटलीचं झाकण उघडत बसले, जणू काही जगात त्या क्षणी पाणी पिण्याइतकं महत्त्वाचं काही नव्हतं. तिचा हात तसाच थोडा वेळ हवेत होता, मग तिनं तो खाली घेतला आणि हेल्मेटचा पट्टा सारखा करायला लागली. घरी येईपर्यंत वीस-बावीस किलोमीटर आम्ही एक शब्द बोललो नाही.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. आज लिहितेय कारण त्या दिवसाआधी वर्षभर मी एका बाईच्या मागे लागले होते, तिच्याबद्दल मिळेल ते वाचत होते, आणि तिच्या आयुष्यातला जो एक प्रसंग मला अजिबात पटला नव्हता, ज्याच्यामुळे मी तिच्यावर मनातून थोडी रुसले होते, तोच मी पाम बीचवर जसाच्या तसा केला होता.

बेरिल बर्टन. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधली, लीड्सची. आपल्याकडे सायकलिंग फॉलो करणाऱ्यांनासुद्धा हे नाव फारसं माहीत नसतं. मला ते कळलं महिला दिनाच्या एका फॉरवर्डमधून, त्यात एवढंच होतं की एका बाईनं रेसमध्ये एका पुरुषाला मागे टाकलं आणि जाता जाता त्याला गोळी दिली. मला वाटलं हे असंच कुणीतरी रचलेलं असणार. खरं निघालं. आणि त्याच्या मागे-पुढे जे निघालं ते त्या गोळीपेक्षा कितीतरी मोठं होतं.

ती जन्मली १९३७ साली. लहानपणी अकराव्या वर्षी तिकडे एक परीक्षा असायची, ती पास झाली की चांगल्या शाळेत जायचं, नापास झाली की वाट बदलली. बेरिल नापास झाली, आणि ते तिच्या फार जिव्हारी लागलं. त्याच सुमारास तिला ऱ्हुमॅटिक फीवर झाला, हृदयावर परिणाम करणारा आजार हा, नऊ महिने हॉस्पिटलात आणि वर त्यानंतर पंधरा महिने आरोग्यधामात, घरापासून लांब. म्हणजे मुलगी दोन वर्षं अंथरुणात. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हिला अंगमेहनत झेपायची नाही, जपा. हे वाचताना मला आमच्या वाड्यातल्या कितीतरी मुली आठवल्या ज्यांच्याबद्दल असंच काहीतरी कुणीतरी एकदा बोललं आणि मग त्या जन्मभर जपल्याच गेल्या.

कपड्यांच्या कारखान्यात काम करताना तिला चार्ली बर्टन भेटला. तो सायकलवाला, क्लबबरोबर राइडला जाणारा. त्यानं तिला सायकलवर आणलं, आणि अठरा वर्षांची व्हायच्या आत लग्नही झालं. चार्लीनं नंतर सांगितलेलं फार साधं आहे, की पहिल्या वर्षी आम्हालाच तिला थोडं मागून ढकलावं लागायचं, दुसऱ्या वर्षी ती आमच्याबरोबर चालवायला लागली, तिसऱ्या वर्षी ती सगळ्यांच्या पुढे होती. तीन वाक्यांत एवढं सांगून तो मोकळा झाला. मला ते वाचून येऊरच्या डोंगरावरचा आमचा पहिला चढ आठवला, मी गेटच्या जरा वर उतरून सायकल हातात धरून चालत गेले होते आणि नवरा पुढे जाऊन वळून बघत होता. चार्लीची गोष्ट इथे जरा थांबून सांगायला हवी, कारण पन्नासच्या दशकातला नवरा, बायको आपल्यापेक्षा जोरात चालवते हे कळल्यावर त्यानं स्वतःची सायकल जवळजवळ बाजूलाच ठेवली. तिच्या सायकलची देखभाल, तिला गाडीनं रेसला नेणं, रस्त्याच्या कडेला बाटली आणि खाणं घेऊन उभं राहणं, पोरगी सांभाळणं, हे सगळं त्यानं केलं आणि आयुष्यभर केलं. माझ्या माहितीत असे पुरुष हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, आजसुद्धा.

आणि बेरिल काय करायची? शेतावर मजुरी. ऱ्हुबार्बच्या शेतावर. ऱ्हुबार्ब म्हणजे आपल्या आंबट चुक्याच्याच कुळातली वनस्पती, फक्त देठ हातभर लांब, लालगुलाबी आणि जाडजूड, चव तशीच आंबट, साखर घालून शिजवतात. लीड्स, मॉर्ली, वेकफील्ड त्या पट्ट्यात त्याची मोठी शेती. त्याचे गड्डे आधी उघड्या शेतात वाढवायचे, मग थंडीत ते खणून काढून अंधाऱ्या शेडमध्ये नेऊन लावायचे, तिथे उजेड नाही म्हणून देठ भराभर आणि कोवळे वाढतात, आणि तोडणीसुद्धा मेणबत्तीच्या उजेडात. ते मातीनं लडबडलेले गड्डे उचलायचं काम करून करून तिची पाठ आणि खांदे तयार झाले. शेताचा मालक निम कार्लाइन, तो स्वतः तिच्याच मॉर्ली क्लबचा, चोवीस तासांच्या रेस मारणारा माणूस, त्यामुळे रेससाठी सुट्टी मिळायची. पण दिवसभर वाकून काम, मग घर, मग सायकल. ट्रेनिंग कॅम्प नाही, पगार नाही, फिजिओ नाही. स्पॉन्सरशिप घेऊन प्रोफेशनल व्हायची ऑफर आली होती, ती तिनं नाकारली आणि शेवटपर्यंत हौशीच राहिली.

बायकांसाठी सायकलिंगची वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरूच झाली १९५८ साली. पुरुषांची त्याआधी साठेक वर्षं चालू होती. १९५९ला बेल्जियममध्ये लिएजला बेरिल पर्स्यूट जिंकली, वय २२, घरी तीन वर्षांची मुलगी. पर्स्यूट म्हणजे ट्रॅकवरची रेस, व्हेलोड्रोम म्हणजे सायकलिंगच्या लंबगोल ट्रॅकच्या दोन विरुद्ध बाजूंना दोघींनी एकाच वेळी सुटायचं आणि एकमेकींचा पाठलाग करायचा, बायकांसाठी तेव्हा ३००० मीटर. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो आणि फ्री व्हील पण नसतं, चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणार, पाय थांबवायची सोयच नाही. हे मला नुसतं वाचून कळलं नव्हतं. लेकीला एकदा पुण्याला बालेवाडीच्या व्हेलोड्रोमवर घेऊन गेले होते, तिथे कुणाचीतरी ट्रॅक सायकल तिला दोन राउंड मारायला मिळाली, आणि मी रेलिंगला धरून उभी. वळणावर ट्रॅक असा अंगावर भिंतीसारखा उठतो, खालून बघताना पोटात खड्डा पडतो, आणि त्या भिंतीवर आपलं पोर तिरकं होऊन जाताना टायरचा एक बारीक सुर्रर्र आवाज येतो, बाकी काही नाही. थांबायची वेळ आली तेव्हा ती सवयीनं पाय थांबवायला गेली आणि पॅडलनं तिला असा झटका दिला की ती जवळजवळ सीटवरून उडाली. उतरल्यावर म्हणाली, "आई, ही सायकल तुला थांबूच देत नाही गं."

बेरिल पाच वेळा पर्स्यूटची वर्ल्ड चॅम्पियन झाली, १९५९, १९६०, १९६२, १९६३, १९६६. आणि रोड रेसची दोनदा, १९६० आणि १९६७. म्हणजे १९६०ला तर ट्रॅक आणि रोड दोन्ही, एकाच वर्षी. ट्रॅकवाल्यांचं शरीर वेगळं आणि रोडवाल्यांचं वेगळं असं आजकाल मानतात, ट्रॅकला तीन-चार मिनिटांत सगळं ओतून मोकळं व्हायचं, रोडला तीन-चार तास राखून ठेवायचं. तिच्याकडे दोन्ही होतं. चांदी आणि ब्राँझ धरून वर्ल्डची पंधरा मेडल्स, त्यातलं शेवटचं १९७३ला, पहिल्यानंतर चौदा वर्षांनी. इंग्लंडमधली नॅशनल टायटल्स नव्वदच्या वर.

पण तिची खरी जागा ती नव्हती. तिची जागा म्हणजे टाइम ट्रायल. इंग्लंडमध्ये हा प्रकार फार जुना आणि फार साधा, रविवारी पहाटे एखाद्या हायवेच्या कडेला टेबल, घड्याळ घेतलेला एक माणूस, आणि एकेका मिनिटानं एकेक जण सुटणार. कुणाच्या चाकामागे लपायचं नाही. प्रेक्षक नाहीत, टाळ्या नाहीत, दूधवाले आणि ट्रकवाले तेवढे बघतात. पंचवीस मैल, पन्नास मैल, शंभर मैल या तीन अंतरांच्या सरासरी वेगावरून वर्षाची सर्वोत्तम सायकलपटू ठरायची, आणि बेरिल ती १९५९ ते १९८३ ओळीनं पंचवीस वर्षं ठरली. पंचवीस. माझं लग्न होऊन अजून पंचवीस वर्षं झालेली नाहीत.

आणि आता ती गोळी.

१९६७चा सप्टेंबर. नेदरलँडमध्ये हेर्लनला ती रोड रेसची वर्ल्ड चॅम्पियन झाली, आणि दोन आठवड्यांनी यॉर्कशायरच्या रस्त्यावर ऑटली क्लबची बारा तासांची टाइम ट्रायल होती, तिथे ती हजर. बारा तासांत जास्तीत जास्त अंतर, बस्स. आधी पुरुष सुटले, मग बायका. पुरुषांत माइक मॅकनमारा म्हणून एक होता आणि तो त्या दिवशी जबरदस्त फॉर्ममध्ये होता, पुरुषांचा राष्ट्रीय विक्रम तो मोडत होता आणि त्यानं तो मोडलासुद्धा. बेरिलनं एकेक करत सगळ्यांना गाठलं आणि बराच दिवस उलटल्यावर समोर तो दिसला. तिनं नंतर लिहिलंय की तो दिसल्यावर तिच्या अंगावर काटा आला आणि ती थोडा वेळ त्याच्याकडे नुसती बघत राहिली. आनंदापेक्षा तिला त्याचं वाईट वाटलं. बिचारा आयुष्यातली सगळ्यात मोठी राइड मारतोय आणि ती आता एका बाईच्या सावलीत जाणार. मग काहीतरी करावं म्हणून तिनं मागच्या खिशात हात घातला, तिथे ज्येष्ठमधाच्या रंगीत गोळ्यांची पुडी होती, तिकडे त्यांना लिकरिश ऑलसॉर्ट्स म्हणतात. एक त्याला दिली. त्यानं घेतली, थँक्स म्हणाला, तोंडात टाकली. आणि ती पुढे निघून गेली.

बारा तासांत तिचं अंतर २७७.२५ मैल, म्हणजे ४४६ किलोमीटर. मॅकनमाराचं २७६.५२ मैल. पुरुषांच्या नव्या विक्रमापेक्षा बाईचा विक्रम एक किलोमीटरहून थोडा जास्त. हे अंतर डोळ्यापुढे यावं म्हणून मी ठाण्यातून हिशोब केला, पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर ओलांडायचं, निपाणी पण मागे टाकायची, आणि सकाळी निघून संध्याकाळच्या आत. ताशी सरासरी ३७ किलोमीटरहून जास्त, बारा तास. आमचा ग्रुप पाम बीचच्या सपाट रस्त्यावर अर्धा तास ३२ ठेवला की एकमेकांचे फोटो काढतो. तिच्याकडे स्टीलची सायकल, लोकरीचे कपडे, ना कार्बनची फ्रेम, ना ताकद मोजणारं पॉवर मीटर. पुरुषांना तिला गाठायला १९६९ उजाडलं. बायकांचा तो विक्रम मात्र २०१७ पर्यंत टिकला, पन्नास वर्षं. ती जाऊनसुद्धा तोवर एकवीस वर्षं झाली होती.

इतकं सगळं असून ती ऑलिम्पिकला कधी गेली नाही. न्यायचं कुणाला सुचलं नाही असं नव्हे, बायकांसाठी सायकलिंग ऑलिम्पिकमध्ये नव्हतंच. पुरुषांसाठी १८९६पासून, पहिल्या ऑलिम्पिकपासून. बायकांसाठी रोड रेस आली १९८४ला, लॉस एंजेलिसला, तेव्हा बेरिल ४७ वर्षांची होती. आणि तिची पर्स्यूट आली १९९२ला, बार्सिलोनाला. मला याचा मनापासून संताप येतो. तिचं सगळं उमेदीचं वय, विसापासून चाळिशीपर्यंत, दरवाजा बंद होता, आणि तो बंद ठेवणाऱ्यांना त्यात काही चुकतंय असं तीस वर्षं वाटलं नाही.

तर अशी ही बाई, आणि तिची मुलगी डेनिस. डेनिस आईच्या शर्यतींच्या कडेलाच वाढली आणि तीही सायकलिंगमध्ये आली, नुसती आली नाही तर १९७२ला वर्ल्डसाठी मायलेकी एकाच टीममध्ये होत्या आणि १९७५ला डेनिसनं पर्स्यूटचं ब्राँझ आणलं. मग १९७६. नॅशनल रोड रेस. शेवटी जो छोटा घोळका पुढे निसटला होता त्यात आई पण होती, मुलगी पण. शेवटच्या स्प्रिंटला डेनिसनं आईला हरवलं. बेरिल ३९ वर्षांची, डेनिस २०. आणि पोडियमवर बेरिलनं मुलीशी हात मिळवला नाही.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मिटूनच टाकलं. मला फार वाईट वाटलं. मॅकनमाराला गोळी देणारी बाई, परक्या पुरुषाचं दुःख बघून जिला काटा आला ती, स्वतःच्या पोरीला हात देत नाही? आपल्याकडे तर पुत्रादिच्छेत् पराजयम् म्हणतात, बाकी सगळीकडे जिंकावं पण पोराकडून हरायची इच्छा धरावी. आईनं तर हरावंच, हसत हरावं, आणि वर पेढे वाटावेत. मी माझ्या आईला लेकरांसमोर हरतानाच बघितलंय, पत्त्यात, कॅरममध्ये, ताटातल्या शेवटच्या पुरणपोळीला. बेरिलनं स्वतः पुढे आपल्या आत्मचरित्रात कबूल केलं की ते खिलाडूपणाचं नव्हतं, तिच्या हातून खेळाचं नुकसान झालं. पण त्या दिवशी काय वाटलं तेही तिनं लिहिलं. की त्या घोळक्यात वारा तोडायचं काम मी केलं, डेनिसनं तिच्या वाटणीचं केलं नाही.

जे सायकल चालवत नाहीत त्यांना हे भांडण कळायचं नाही, म्हणून सांगते. सायकलवर तुमचा शत्रू चढ नसतो, चढ दिसतो तरी. शत्रू वारा. जी पुढे असते ती हवा फोडते आणि मागची तिच्या आडोशाला चालते, चाकाला चाक जवळजवळ लावून, तिची साधारण पाव हिस्सा तरी ताकद वाचते. म्हणून घोळक्यात पाळी असते, थोडा वेळ तू पुढे राहून वारा घे, थोडा वेळ मी, कोपर हलवून खूण करायची आणि बाजूला व्हायचं. जी पुढे येतच नाही, नुसती व्हीलला चिकटून राहते आणि शेवटच्या दोनशे मीटरला उडी मारते, तिला जिंकता येतं, नियमात बसतं, पण तिच्याबद्दल कुणी चांगलं बोलत नाही. आणि इथे पुढे आई आणि मागे मुलगी.

पाम बीचवर त्या दिवशी मला जो राग आला होता तो आधी मला समजलाच नाही. घरी आल्यावर आंघोळीला गेले आणि शॉवरखाली रडले. मला वाटलं, मी किती क्षुद्र आहे, पोटची पोर जिंकली आणि मला गिळवत नाही. मग हळूहळू कळलं की मला नुसतं हरल्याचं वाईट वाटलं नव्हतं. दहा किलोमीटर वारा मी घेतला होता. आणि त्याच्या आधीची पण वर्षं होती, तिच्या दहावीला मी सहा महिने सायकल गॅलरीत टांगून ठेवली होती, टायरमधली हवा गेली, चेन गंजली, तिच्या क्लासच्या वेळा बघून मी माझी नोकरी बदलली. हे सगळं मी खुशीनं केलं, कुणी सांगितलं नव्हतं. पण त्या रस्त्यावरचे ते दहा किलोमीटर माझे होते. सायकल ही एकच जागा होती जिथे मी कुणाची आई म्हणून जात नव्हते. आणि तिथे पण मी पुढे राहून वारा घेत होते आणि ती मागे आडोशाला होती, आणि माझ्या अंगातलं काहीतरी म्हणालं की आता बास.

मला बेरिल त्या दिवशी कळली. तिनं केलं ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही, तिनंच म्हटलेलं नाही. पण ३९व्या वर्षी, दिवसभर शेतात राबून, ऑलिम्पिक नाही, पैसा नाही, तिच्याकडे एकच गोष्ट होती, जिंकणं, आणि ती तिला अजूनही हवी होती. मुलगी २० वर्षांची आहे म्हणून ती इच्छा कमी होत नाही. आपण ती कमी झाली असं समजतो, कारण आईला बघायची सवय आपल्याला तशीच लागलेली असते.

हे सगळं मी लेकीला सांगितलं. लगेच नाही, दीड-दोन महिन्यांनी, जूनच्या पहिल्या पावसात, मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर कणीस खाताना. बेरिलचं सांगितलं, डेनिसचं सांगितलं, टाळीचं पण सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती, कणसाचे दाणे एकेक करून सोलत होती. मग म्हणाली, "मग डेनिसनं काय करायला हवं होतं? ब्रेक मारायचा होता का? आईला जिंकू द्यायचं होतं?"

मी म्हटलं नाही, तसं नाही.

"तिनं तसं केलं असतं तर तिच्या आईनं तिच्याशी जन्मात हात मिळवला नसता," ती म्हणाली. आणि मग जरा थांबून, "आई, आणि त्या दिवशी ना, नेरूळच्या इथे मी दोनदा तुझ्या बाजूला आले होते, पुढे यायला. एकदा म्हटलं पण, आई मी येते. तू ऐकलंच नाहीस. मी बाजूला आले की तू आणखी जोर लावायचीस."

मला काहीच आठवत नव्हतं. खरंच नाही. वाऱ्यात कानात नुसता घोंगाट असतो, मागचं ऐकू येत नाही. पण ती खोटं बोलणारी मुलगी नाही. आणि तिनं सांगितल्यावर मला आठवलं ते एवढंच, की माझ्या उजव्या बाजूला काहीतरी येतंय असं वाटलं होतं आणि मी मान आणखी खाली घातली होती.

त्या रात्री मी परत बेरिलचं वाचत बसले. ती नेहमी पुढून चालवायची. तिचा स्प्रिंट फारसा नव्हता, तिची पद्धत एकच, सुरुवातीपासून असा वेग ठेवायचा की मागचे एकेक करून गळून पडले पाहिजेत. सगळं आयुष्य टाइम ट्रायलमध्ये घालवलेली बाई ती, जिथे मागे कुणी नसतंच, जिथे वारा आपलाच असतो आणि तो कुणाला वाटून द्यायचा नसतो. अशी बाई कुणाला कोपर हलवून पुढे ये म्हणेल? डेनिस पाळी घ्यायला पुढे आली असती तरी आईनं रस्ता दिला असता का, हा प्रश्न मला त्या रात्री पहिल्यांदा पडला.

पुढचं मात्र मला माहीत होतं, वाचलेलं होतं, फक्त लक्ष गेलं नव्हतं. १९८२ साली, त्या पोडियमनंतर सहा वर्षांनी, मायलेकींनी एकत्र टँडेमवर दहा मैलांचा ब्रिटिश विक्रम केला. टँडेम म्हणजे दोन सीटची सायकल, एकच फ्रेम, दोन्ही पॅडल चेननं एकमेकांना बांधलेली. एकीनं पाय थांबवले की दुसरीचेही थांबतात. २१ मिनिटं २५ सेकंद, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर. बेरिल ४५ वर्षांची होती. जवळजवळ माझ्या वयाची.

त्यानंतर १९९६च्या मे महिन्यात ती गेली, ५८व्या वर्षी. ५९व्या वाढदिवसाला आठवडा राहिला होता, पार्टीचं आमंत्रण द्यायला घरोघरी सायकलवरून फिरत होती, आणि लहानपणीच जे हृदय कमकुवत म्हणून सांगितलं होतं ते सायकलवरच थांबलं.

पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघी परत पाम बीचला गेलो. मुद्दाम उशिरा परत फिरलो, नऊ वाजून गेल्यावर. वारा एप्रिलसारखा नव्हता पण होता. मी पुढे लागले, ती मागे. सीवूड्सचा सिग्नल सुटल्यावर मी दिव्याचे खांब मोजायला लागले, म्हटलं विसाव्या खांबाला. विसावा आला, गेला. पाय थांबायला तयार नव्हते. पंचविसाव्याला मी उजवं कोपर हलवलं आणि डावीकडे सरकले, आणि ती शेजारून पुढे गेली, न बोलता, मी तिच्या मागच्या चाकाशी आले आणि कानातला आवाज एकदम बंद झाला. इतकी वर्षं मी तिच्या पुढेच होते, तिला मागून चालवताना मी कधी नीट बघितलंच नव्हतं. तिच्या उजव्या पोटरीवर चेनचं काळं ऑइल लागलं होतं, दातेरी, अर्ध्या चंद्रासारखं. मागच्या रिमला थोडा आऊट होता, दर फेरीला चाक अगदी बारीक डावीकडे झुलत होतं. घरी गेल्यावर काढून द्यायला हवा होता. वीसेक खांब झाल्यावर तिचं कोपर हललं.

"आई, ये!"

मी पुढे गेले.